श्रावणबाळाची कावड आता कोणाच्या खांद्यावर?

सकाळी साडेदहाच्या सुमारास बुलढाणा जिल्ह्यातील एखाद्या तहसील कार्यालयाच्या आवारात जाऊन पाहा. चिखली असो, मेहकर असो की जळगाव जामोद, दृश्य फारसे बदलत नाही. निंबाच्या सावलीत धोतर-टोपीतले आजोबा आणि नऊवारीतल्या आजी बसलेल्या दिसतात. हातातल्या पिशवीत आधार कार्ड, शिधापत्रिका आणि बँकेचे पासबुक जपून ठेवलेले असते. कशासाठी आलात, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते : निराधाराचे पैसे जमा झाले की नाही, ते पाहायला.

‘निराधार’ हा शब्द कानी पडताच मन चरकते. या मंडळींपैकी अनेकांना मुले आहेत, सुना आहेत, नातवंडेही आहेत. मग त्यांचा आधार कुठे गेला? आणि त्या रिकाम्या जागी सरकार कसे येऊन उभे राहिले? वाचकहो, हा प्रश्न केवळ राजकारणाचा किंवा अर्थशास्त्राचा नाही. आपल्या घरातील वृद्धांच्या औषधपाण्याचा, जेवणाचा आणि झोपेचा त्याच्याशी निकटचा संबंध आहे.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी म्हातारपणाची तरतूद म्हणजे शेत आणि मुले. घाटावर असो वा घाटाखाली, चार भावांचे एकत्र कुटुंब एकाच ओसरीवर नांदत असे. वृद्ध आजारी पडला तर उशाशी कोणीतरी असेच. मात्र त्या काळाचे फार गोडवे गाणेही बरोबर नाही. निपुत्रिक विधवा, भूमिहीन मजूर, घरातून टाकलेली स्त्री यांच्या वाट्याला तेव्हाही उपेक्षाच होती. आणि सेवा म्हणून जी काही घडत होती, ती बहुतांशी सुनेच्या कष्टांवर उभी होती. तिला कोणी विचारले नव्हते आणि तिचे आभारही कोणी मानले नव्हते.

मग काळ पालटला. आयुर्मान वाढले आणि घरातील मुलांची संख्या घटली. २०११ च्या जनगणनेनुसार बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८६ हजार होती आणि त्यातील जवळजवळ चार-पंचमांश लोक खेड्यांत राहत होते. परंतु खेड्यात नाव असणे आणि खेड्यात राहणे यांत आता अंतर पडले आहे. शेतजमिनीचे तुकडे झाले, पाऊस बेभरवशाचा झाला. शिकलेली मुले पुणे, मुंबई, छत्रपती संभाजीनगर, नाशिककडे गेली आणि न शिकलेली हंगामी मजुरीसाठी बाहेर पडली. शेतकरी आत्महत्यांच्या संकटामुळे २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत बुलढाणाही होता. कर्ता मुलगा गेल्यावर सत्तरीतल्या म्हाताऱ्यांनी पुन्हा नांगर धरावा आणि नातवंडे वाढवावीत, ही वेळ अनेक घरांवर आली.

घर असे बदलत गेले, तसतशी शासनाची भूमिकाही बदलत गेली. हा बदल तीन पायऱ्यांनी झाला, असे म्हणता येईल.

पहिली पायरी उपदेशाची. संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदाने वार्धक्य आणि आजारपण यांत सार्वजनिक साहाय्य देण्याची दिशा राज्याला दाखवली. पण ती ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’. सांभाळायचे ते कुटुंबानेच, असे तेव्हा गृहीत होते. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने आणि पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ व्या कलमाने मुलांना त्या कर्तव्याची कायदेशीर जाणीव करून दिली, इतकेच.

दुसरी पायरी थेट मदतीची. १९८० साली महाराष्ट्राने संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू केली. १५ ऑगस्ट १९९५ पासून केंद्राची राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना आली. आज तीच इंदिरा गांधींच्या नावाने ओळखली जाते. राज्याने ६५ वर्षांवरील गरजू वृद्धांसाठी जी योजना काढली, तिचे नाव ‘श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना’. या नावातच सारी कथा आली आहे. अंध मातापित्यांना कावडीत बसवून नेणारा पुत्र हा आपल्याकडे सेवेचा आदर्श. तो आदर्श घरात दुर्मीळ झाला, तेव्हा त्याचे नाव शासकीय निर्णयात दिसू लागले.

तिसरी पायरी हक्काची. १९९९ मध्ये ज्येष्ठ नागरिकांसाठी राष्ट्रीय धोरण आले आणि त्यानंतर ‘आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७’. येथे राज्य केवळ पैसे देणारे राहिले नाही. ते घराच्या उंबऱ्याच्या आत येऊन मुलाला जाब विचारू लागले.

आता या साऱ्यातून वृद्धाच्या हाती प्रत्यक्ष काय पडते, ते पाहू.

संजय गांधी आणि श्रावणबाळ योजनांचे मासिक अनुदान २०२३ मध्ये १,००० रुपयांवरून १,५०० रुपये झाले. म्हणजे दिवसाला ५० रुपये. एवढ्यात घर चालत नाही, हे उघड आहे. परंतु ज्या आजींच्या हाती आयुष्यात कधी स्वतःचा पैसा आला नाही, त्यांना रक्तदाबाची गोळी आणायला कोणापुढे हात पसरावा लागत नाही, हेही लहान नव्हे. नातवाच्या हातावर दहा रुपये ठेवणाऱ्या आजीचा घरातील मान वेगळा असतो, हे आपण सारेच जाणतो.

या योजनेतील उणीवही सांगितली पाहिजे. श्रावणबाळ योजनेसाठी दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव हवे किंवा कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवे. २१,००० म्हणजे दिवसाला सत्तावन्न-अठ्ठावन्न रुपये. शेतमजुराची एका दिवसाची मजुरीही याहून अधिक असते. कागदावर जो ‘सधन’ ठरतो, तो चुलीजवळ उपाशी असू शकतो. बदलत्या घराचे माप शासनाच्या फुटपट्टीत अजून पुरते आलेले नाही.

आणखी एक अडसर आपल्या मनातला आहे. ‘मी अर्ज केला तर गाव काय म्हणेल? पोराचे नाव जाईल.’ या एका विचाराने कित्येक वृद्ध पात्र असूनही अर्ज करीत नाहीत. त्यांना एवढेच सांगावे : आपण आयुष्यभर राबलात, कापूस वेचलात, सोयाबीन सोंगलीत, बाजारातून घेतलेल्या प्रत्येक वस्तूवर कर भरलात. हे अनुदान भीक नव्हे. ते समाजाने आपल्याला देणे लागत असलेल्या ऋणाची अंशतः फेड आहे.

२००७ च्या कायद्याबाबतही असाच संकोच आढळतो. या कायद्यान्वये उपविभागीय अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज करता येतो. नोटीस निघाल्यापासून साधारण ९० दिवसांत निर्णय व्हावा, अशी तरतूद आहे. निर्वाह भत्त्याची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे. ‘मुले’ या शब्दात मुलगा, मुलगी, सज्ञान नातू आणि नात येतात. सून मात्र येत नाही. सेवा बहुधा सून करते, पण कायदा जबाबदारी पोटच्या लेकरांवर टाकतो, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. विवाहित मुलीवरही आई-वडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी असते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच महाराष्ट्रातील एका प्रकरणात सांगितले होते. १९९४ पासून महाराष्ट्रात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत वाटा मिळाला. वाटा आला, तशी जबाबदारीही आली.

मुलांच्या नावे शेत किंवा घर करून देणाऱ्यांनी एक खबरदारी अवश्य घ्यावी. बक्षीसपत्रात ‘आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द स्पष्ट लिहून घ्यावेत. अट मोडली तर कायद्याच्या २३ व्या कलमानुसार ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येते. अटच लिहिलेली नसेल, तर पुढे वाट अवघड होते. यात अविश्वास नाही. पेरणीपूर्वी बांध घालण्यासारखीच ही दक्षता आहे.

आरोग्याच्या बाबतीतही शासनाचे पाऊल पुढे पडले आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असो, ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड काढता येते. त्यावर कुटुंबातील अशा वृद्धांना मिळून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार मिळतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आता राज्यातील सर्व कुटुंबांसाठी खुली आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क आहेत. परंतु लक्षात ठेवा, विम्याचे कार्ड हे मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर कामी येते. वृद्धाला रोज लागते ती मधुमेहाची गोळी, दर महिन्याची तपासणी, वेळेवरचा चष्मा. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार जुनी आहे. तेथील वृद्धांनी तर रक्तातील क्रिएटिनिनची तपासणी अंगावर काढू नये. यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्र जवळ करावे आणि ‘आशा’ ताईंशी बोलणे ठेवावे.

सांभाळ करणाऱ्यांसाठी चार गोष्टी. एक, घरातील वृद्धाचे वय सिद्ध करणारे कागद आणि आधारवरील जन्मवर्ष तपासा. चूक असेल तर आजच दुरुस्त करा, कारण ६५ आणि ७० हे आकडे तिथूनच मोजले जातात. दोन, अनुदान थेट आधार-संलग्न खात्यात जमा होत असल्याने खाते चालू आहे ना, ते पाहा. दरवर्षीचा हयातीचा पुरावा विसरू नका. शेतकामाने बोटांचे ठसे झिजले असतील, तर डोळ्यांच्या किंवा चेहऱ्याच्या ओळखीची सोय विचारा. तीन, एकटे राहणाऱ्या वृद्धाच्या भिंतीवर १४५६७ हा ज्येष्ठांचा मदत क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. चार, दूर गावी असाल तर दररोज ठरलेल्या वेळी फोन करा. पैसे पाठवल्याची चौकशी नंतर, ‘आज काय जेवलीस?’ हे आधी.

कारण शासन कितीही पुढे आले, तरी त्याच्या हाताला मर्यादा आहे. ते पैसे देईल, कार्ड देईल, प्रसंगी आदेशही देईल. रात्री दोन वाजता धाप लागलेल्या वडिलांच्या पाठीवरून हात फिरवायला मात्र कोणी तरी घरातलेच लागते. आणि घरातल्यांची माया असली, तरी रिकाम्या खिशाने औषध येत नाही, हेही तितकेच खरे. कावडीला दोन पारडी असतात. एकात घराची माया आणि दुसऱ्यात समाजाची, म्हणजेच शासनाची, व्यवस्था. कोणतेही एक पारडे रिकामे राहिले, तर कावड कलंडते.

तहसीलच्या आवारात निंबाखाली बसलेल्या त्या आजींकडे पुढच्या वेळी पाहाल, तेव्हा क्षणभर थांबा. त्यांच्या पासबुकातील नोंद वाचून दाखवा. जमा झाले असतील तर सांगा, नसतील तर खिडकीपर्यंत सोबत जा.