अबकैकचा पगार, पुण्याचा भाडेकरू

दम्मामहून नैऋत्येला गाडी काढली की तासाभरात वाळवंटात दिव्यांचं एक गाव दिसू लागतं. ते अबकैक. १९४० साली इथे तेल सापडलं आणि आज जगातला सर्वांत मोठा कच्च्या तेलावर प्रक्रिया करणारा प्रकल्प इथेच आहे. जमिनीतून आलेल्या तेलातला विषारी हायड्रोजन सल्फाइड काढून ते जहाजात भरण्याजोगं करायचं, हे त्याचं काम. दिवसाला सत्तर लाख पिंपांच्या वर त्याची क्षमता आहे. सौदीच्या या पूर्व प्रांतात आरामको ही सौदीची तेलकंपनी आणि तिच्या ठेकेदार कंपन्यांमध्ये मराठी माणसंही आहेत. कोणी इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये, कोणी वेल्डिंग इन्स्पेक्टर, कोणी प्लॅनिंगला, कोणी हिशेबात. शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीत ही माणसं एकत्र आली, की मुलांच्या शाळा आणि इकाम्याचं, म्हणजे निवास परवान्याचं, नूतनीकरण उरकून गप्पा ज्या विषयावर स्थिरावतात तो म्हणजे फ्लॅट. वाकडचा, खारघरचा, नाशिकच्या पाथर्डी फाट्याचा. घेतलेला, घ्यायचा असलेला किंवा भाडेकरूने डोकं उठवलेला.

हे साहजिकच आहे. आखातात कितीही वर्षं काढली तरी एक दिवस फायनल एक्झिटचा, म्हणजे देश कायमचा सोडण्याचा, शिक्का ठरलेला. परदेशी माणसाला सौदीत घर घेणं आजवर अवघडच होतं. परवानगी काढून राहण्यापुरतं घर घेता येई, पण त्या वाटेला नोकरदार सहसा गेला नाही. जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या नव्या कायद्याने जानेवारी २०२६ पासून ठरावीक क्षेत्रांत परदेशी लोकांना मालकी खुली केली आहे. तरी वाळवंटात घर घेऊन म्हातारपण काढायचं स्वप्न कोणी पाहत नाही. घर घ्यायचं ते गावाकडे, निदान गावाजवळच्या शहरात. आपण परतेपर्यंत ते रिकामं ठेवायचं नाही, म्हणून भाड्याने द्यायचं. अशा रीतीने पाइपलाइनचा इंजिनिअर अडीच हजार किलोमीटरवरून घरमालक होतो. या धंद्याची उमेदवारी त्याने कधी केलेली नसते.

धंदा हा शब्द मुद्दाम वापरतोय. घर घेणं ही भावना असेल, भाड्याने देणं हा धंदा आहे, आणि धंद्यात पहिल्यांदा हिशेब मांडतात. समजा, पुण्यात ७५ लाखांचा दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. सात टक्के मुद्रांक शुल्क, नोंदणीचे ३० हजार, पंखे-पडदे-गिझर-किचन ट्रॉली धरून तो ८२ लाखांच्या घरात जातो. भाडं येतं महिना २५ हजार. भाडेकरू बदलताना एक महिना रिकामा जातो असं धरलं तर वर्षाचे पावणेतीन लाख. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स ४२ हजार, मालमत्ता कर १२ हजार, दलालाला एक महिन्याचं भाडं आणि किरकोळ दुरुस्तीचे २० हजार वजा करा. हातात राहतात १ लाख ७६ हजार. ८२ लाखांवर हा परतावा सव्वादोन टक्केही भरत नाही. आकडे तुमच्या गावाप्रमाणे बदलतील, पण महाराष्ट्रातल्या शहरांत चित्र फारसं वेगळं निघणार नाही. आता शेजारी एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या परदेशी कमाईच्या खात्यातली, मुदत ठेव ठेवून बघा. तिचं व्याज साधारण सहा-सात टक्के, अनिवासी असेपर्यंत त्यावर भारतात आयकर नाही, आणि ठेवीचा नळ कधी गळत नाही.

‘पण किंमत वाढते ना!’ वाढते. त्या वाढीकडे आखातातल्या माणसाने रियालच्या चष्म्यातूनही पाहावं. १९८६ पासून एका डॉलरला पावणेचार रियाल हा दर बांधलेला आहे. त्यामुळे रुपया डॉलरपुढे घसरला की रियालपुढेही घसरतो. २०१० च्या सुमारास एका रियालला बारा रुपये मिळत, २०२५ मध्ये तेवीसच्या आसपास. म्हणजे या पंधरा वर्षांत ज्या फ्लॅटची रुपयातली किंमत दुप्पट झाली, तो रियालच्या हिशेबात जागच्या जागी उभा राहिला. परत येऊन त्याच घरात राहायचं असेल तर हा हिशेब गैरलागू, तुमचा खर्च रुपयातच होणार आहे. पण ‘गुंतवणूक’ म्हणून दुसरा आणि तिसरा फ्लॅट घेणाऱ्याने तो एकदा तरी कागदावर मांडावा. माझं मत विचाराल तर पहिलं घर राहण्यासाठी खुशाल घ्या. दुसरं घेण्याआधी आपण घरमालक म्हणून खपणार आहोत का, हे पहिल्या घराच्या भाडेकरूकडून शिकून घ्या.

खरेदीबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण त्यावर मार्गदर्शन रग्गड मिळतं. अनिवासी भारतीयाला घर, दुकान, ऑफिस घेता येतं. शेतजमीन, मळा आणि फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाने आलेली शेती ठेवता येते. ‘भावाच्या नावावर घेऊ, पैसे माझे’ हा घरोघरचा तोडगा आहे. त्यात बेनामी व्यवहाराचा कायदा आडवा येऊ शकतो, आणि भावांचं आयुष्यभराचं बोलणं तुटू शकतं ते वेगळंच. बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पाचा महारेरा क्रमांक संकेतस्थळावर तपासा. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डर किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही, हे लक्षात ठेवा. चौदा दिवसांच्या रजेत, घाईत, सॅम्पल फ्लॅटच्या झुंबराखाली चेक लिहू नका. भाड्यानेच द्यायचा असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मिळालेला तयार फ्लॅट बरा. त्यावर जीएसटी नाही आणि भाडं पुढच्या महिन्यापासून सुरू.

आता खरा विषय, करार. महाराष्ट्रात दर दहा घरमालकांतले नऊ ‘अकरा महिन्यांचा करार’ हे शब्द मंत्रासारखे म्हणतात. का, ते विचारलं तर सांगतात, ‘वर्षाच्या आतला करार नोंदवावा लागत नाही.’ नोंदणी कायद्याच्या दृष्टीने हे खरं, पण महाराष्ट्रापुरतं चूक. आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आहे, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याचं ५५ वं कलम सांगतं, की भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिक्षेपेक्षाही झोंबणारी गोष्ट त्याच कलमात आहे. नोंदणी नसेल तर घर कोणत्या अटींवर दिलं याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीचा गोल शिक्का मारून निर्धास्त झालेले घरमालक या वाक्यावर थांबून विचार करतील तर बरं.

नोंदणी केली तर मात्र कायदा मालकाच्या बाजूने भक्कम उभा राहतो. कलम २४ नुसार लायसन्सची मुदत संपूनही माणूस निघाला नाही, तर दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं झुलायचं कारण नाही. सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागता येतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी ठरल्याच्या दुप्पट दराने भरपाई मिळते. खर्च किती? एकूण भाडं, परत न मिळणारी रक्कम आणि अनामतीवर वर्षाला दहा टक्के धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, वर महापालिका हद्दीत हजार रुपये नोंदणी शुल्क. महिना २५ हजार भाड्याच्या वर्षभराच्या करारावर मुद्रांक हजाराच्याही आत राहतो. एवढ्यासाठी चालढकल करणाऱ्या माणसाला काय म्हणावं! नोंदणी ऑनलाइन होते, एजंट घरी येऊन आधारवर अंगठा घेतो. रजेच्या तारखा आणि कराराच्या तारखा जुळवून घेतल्या तर हे काम स्वतःच उरकता येतं. करार साठ महिन्यांपर्यंतचा करता येतो, त्यामुळे अकराचा मंत्र सोडून २४ किंवा ३६ महिन्यांचा करा आणि दरवर्षीची पाच टक्के वाढ त्यातच लिहून टाका.

गंमत अशी, की सौदीत भाड्याने राहणारा मराठी माणूस हीच शिस्त तिथे निमूट पाळतो. तिथला घरभाड्याचा करार सरकारच्या ‘इजार’ या ऑनलाइन व्यवस्थेत नोंदवावा लागतो. तो नोंदवलेला करार थेट अंमलबजावणी न्यायालयात चालतो. ‘इजार’शिवाय घर घेऊ नकोस असं नवख्याला बजावणारा गृहस्थ पुण्यातल्या आपल्या भाडेकरूला व्हॉट्सअपवर ‘ओके, फ्रॉम फर्स्ट’ एवढं लिहून किल्ली देतो.

किल्ली देणार कोण, हा पुढचा प्रश्न. आखातातल्या घरमालकाचा कारभार बहुधा वडील, सासरे किंवा मेहुणा बघतो. पंचाहत्तरीतल्या वडिलांना तिसऱ्या मजल्याच्या गळतीसाठी प्लंबरच्या मागे पळवणं बरं नव्हे, हे सुट्टीवर आल्यावर सगळ्यांना पटतं आणि विमानात बसल्यावर विसरतं. जो बघेल त्याच्या नावे मुखत्यारपत्र करा आणि ते फक्त या एका फ्लॅटपुरतं, ठरावीक कामांपुरतं ठेवा. भाड्याने देणे, करार नोंदवणे, सोसायटी आणि महापालिकेशी व्यवहार करणे एवढंच त्यात असावं. विक्रीचा अधिकार त्यात घालू नका, माणूस कितीही जवळचा असला तरी. ते सौदीत करायचं तर भारतीय दूतावासाकडून साक्षांकित करून घ्यावं लागतं, आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथला मुद्रांक भरावा लागतो. ही तीन महिन्यांची अट चुकली की ऐन नोंदणीच्या दिवशी दस्त अडतो. बाहेरचा माणूस नेमलात तर त्याला ठरवून मोबदला द्या. फुकटच्या कामाला जाब विचारता येत नाही.

कराची बाजू सर्वांत कमी बोलली जाते आणि सर्वांत जास्त नडते. सौदीत पगारावर आयकर नाही, म्हणून आयकर हा विषयच डोक्यातून गेलेला असतो. पण भारतातल्या घराचं भाडं भारतात करपात्र आहे, मालक अबकैकला राहो की अंटार्क्टिकाला. शिवाय मालक अनिवासी असेल तर भाडेकरूने भाड्यातून ३० टक्के आणि वर उपकर, म्हणजे एकूण ३१.२ टक्के कर कापून सरकारजमा करायचा असतो. निवासी मालकाच्या बाबतीत जी किमान रकमेची सवलत असते ती इथे नाही, भाडं दहा हजार असलं तरी कापायचा. त्यासाठी भाडेकरूला कर कापणाऱ्याचा ‘टॅन’ क्रमांक काढून तिमाही विवरण भरावं लागतं. हे ऐकून चांगले भाडेकरू आल्या पावली परत जातात, आणि म्हणून पुष्कळ मालक हे सांगतच नाहीत, भाडं आईच्या बचत खात्यात घेतात. मग भाडेकरू ऑफिसात घरभाडे भत्त्यासाठी मालकाचा पॅन देतो आणि गोष्ट उघडी पडते. न कापलेल्या कराची वसुली भाडेकरूच्या गळ्यात येते. त्याला अंधारात ठेवून हे करणं मला तरी सभ्यपणाचं वाटत नाही.

प्रत्यक्षात कर इतका बसतच नाही. तीन लाख भाड्यातून मालमत्ता कर वजा जातो, उरलेल्याची ३० टक्के सरसकट वजावट मिळते, करपात्र राहतात दोन लाखांच्या आसपास. नव्या करप्रणालीत चार लाखांपर्यंत कर नाही. भारतात दुसरं उत्पन्न नसेल तर कापलेले ९३,६०० रुपये विवरणपत्र भरून परत मिळतात, किंवा आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आधीच घेतला तर कापलेही जात नाहीत. हा दाखला भाडेकरूच्या हाती दिला की त्याचीही धास्ती जाते. मात्र बारा लाखांपर्यंत कर शून्य करणारी जी सूट गाजली, ती फक्त निवासींना आहे, अनिवासींना नाही. भाडं एनआरओ, म्हणजे अनिवासींच्या भारतातल्या उत्पन्नासाठीच्या, खात्यातच घ्या. कर भरल्यावर ते परदेशी पाठवायलाही आडकाठी नाही. ज्यांचं भारतातलं उत्पन्न पंधरा लाखांच्या वर जातं त्यांनी तर चार्टर्ड अकाउंटंटला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. कुठेच करनिवासी नसलेल्या भारतीय नागरिकाला निवासी मानणारी २०२० ची तरतूद आखातातल्यांना लागू पडू शकते. १ एप्रिल २०२६ पासून आयकराचा नवा कायदा आला आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा जुन्या मेसेजवर विसंबू नका.

सोसायटी हा घरमालकाचा दुसरा भाडेकरू, फक्त तो पैसे देत नाही, घेतो. घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावू शकते, पण सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच. सरकारचा तसा आदेश ऑगस्ट २००१ पासून आहे. मालक परदेशात म्हणून चेअरमनसाहेब तिप्पट मेंटेनन्स लावत असतील तर आदेशाची प्रत जोडून लेखी पत्र द्या, फोनवर वाद घालू नका. कराराची प्रत सोसायटीला आणि भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाइन कळवून ठेवा.

भाडेकरू निवडताना नोकरीचं पत्र बघा, आधीच्या घरमालकाला एक फोन करा. जात, आहार, आडनाव यांची चौकशी करू नका. ‘फॅमिली ओन्ली’च्या पाटीमुळे दम्मामशेजारच्या अल खोबरच्या गल्ल्या तुडवलेला माणूसच पुण्यात ‘बॅचलर नको’ म्हणतो तेव्हा हसावं की रडावं कळत नाही. महिन्याचं भाडं माफ करून मोठी अनामत देणारा ‘हेवी डिपॉझिट’वाला आला तर विचार करा. ती रक्कम तुम्हाला एकरकमी परत करायची असते, आणि ती तोवर कर्जाच्या हप्त्यांत विरलेली असते. किल्ली देण्याआधी प्रत्येक खोलीचा, प्रत्येक नळाचा व्हिडिओ काढा आणि वस्तूंची यादी करारालाच जोडा.

एक गोष्ट अबकैकच्या माणसाला वेगळी सांगायला नको. १४ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे या प्रकल्पावर हल्ला झाला आणि सौदीचं निम्मं तेलउत्पादन रातोरात थांबलं. काही आठवड्यांत सगळं पूर्ववत झालं, पण पुढच्याच वर्षी कोरोना आला, तेल कोसळलं आणि अनेकांच्या हाती एक्झिटचे कागद पडले. तिथली नोकरी गेली की इकामाही जातो, गृहकर्जाचा हप्ता मात्र पुण्याच्या बँकेत दर महिन्याला वळताच राहतो. भाडं थांबलं आणि पगारही थांबला तरी निदान सहा हप्ते निघतील एवढी रक्कम बाजूला नसेल, तर फ्लॅट अजून परवडत नाही असं समजा. ज्यांचा फ्लॅट आधीच भाड्याने गेला आहे त्यांनी या दिवाळीच्या रजेत निदान कपाटातला करार बाहेर काढून त्यावर नोंदणीचा दस्त क्रमांक आहे का ते बघावं. नसेल तर परतीच्या विमानात बसण्याआधी तो नोंदवून घ्यावा.