दुरुस्तीनंतर गाडी ओढत नाही?

जुन्या डिझेल टेम्पोचे हेडचे काम करून आणावे आणि माल भरताच गाडीने चढावर दम टाकावा, हा अनुभव अनेक व्यापारी बांधवांना येतो. ‘पंप गेला’ असे कोणी म्हटले तरी लगेच पंप उतरवू देऊ नये. कामात ज्या भागाला हात लागला, तो भाग आधी पाहावा.

एकाने पेडल पूर्ण दाबावे, दुसऱ्याने पंपाचा लिव्हर शेवटपर्यंत जातो का ते बघावे. केबल ढिली बसली तर तेवढ्यानेही ताकद जाते. हेड उतरले म्हणजे टॅपेट नव्याने लावलेले असतात. ते घट्ट राहिले तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाहीत व कॉम्प्रेशन निसटते. सैल राहिले तर निदान टकटक ऐकू तरी येते! माप कंपनीच्या पुस्तकातलेच घ्यावे, अंदाजाचे नको.

काळा धूर असल्यास एअर फिल्टर व नोझल तपासावेत. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत असेल आणि पंप उतरवलेला असेल, तर टायमिंगचा संशय घ्यावा. इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, तर दोष क्लचचा. ब्रेकचेही काम झाले असल्यास थोडे अंतर चालवून ड्रम तापतात का ते पाहावे. ब्रेक धरून राहिला असेल तर इंजिन खोलण्याचा खर्च वायाच जायचा.