वहीपूजनाचे दिवस

दुकानदाराचें नवें वर्ष सर्व भारतांत एकाच दिवशीं सुरू होत नाहीं. सरकारी हिशेबाचें वर्ष १ एप्रिल रोजीं आरंभ पावतें. परंतु लहान व्यापाऱ्याच्या गादीवरील वही आपापल्या प्रांताच्या रीतीप्रमाणें उघडते. गिऱ्हाइकाशीं त्याचें नातें कसें असतें, हेंही त्या रीतीवरून कळून येतें.

गुजरातेंत लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं चोपडापूजन होतें. वहीवर 'शुभ' आणि 'लाभ' हे शब्द लिहितात व कार्तिक शुद्ध प्रतिपदेस विक्रम संवताचें नवें वर्ष धरतात. पावसाळा संपून वाटा मोकळ्या झालेल्या असतात, खरिपाचें पीक बाजारांत येऊं लागलेलें असतें. व्यापाराच्या हंगामाचाही तोच आरंभ होय. महाराष्ट्रांत शकाचें वर्ष गुढीपाडव्यास बदलतें, तरी वहीपूजन मात्र दिवाळींतच होतें. तमिळनाडूंत नवरात्राच्या शेवटीं हत्यारांबरोबर हिशेबाच्या वह्याही देवापुढें ठेवतात.

बंगालची रीत याहून निराळी आहे. तेथें वैशाखाच्या पहिल्या दिवशीं, म्हणजे एप्रिलच्या मध्यास, 'हालखाता' होतो. दुकानदार नेहमींच्या गिऱ्हाइकांस निमंत्रण देतो. गिऱ्हाईक मागील बाकी चुकती करतें, निदान कांहीं रक्कम तरी देतें. दुकानदार त्याचें तोंड गोड करून लाल कापडाच्या बांधणीच्या नव्या वहींत त्याचें खातें उघडतो. दिवाळींतील पूजेचा मान वहीस. येथें तोच मान गिऱ्हाइकासही मिळतो.

हा भेद केवळ समारंभाचा नव्हे. किराणा उधारीवर आणणाऱ्या घरास बाकीचा आंकडा कळणें फार महत्त्वाचें असतें. नियमितपणें ठेवलेली वही न्यायालयांत पुरावा म्हणून चालते. परंतु केवळ तिच्या आधारें कोणावर देणें लादतां येत नाहीं. हा नियम १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत होता व २०२३ च्या नव्या कायद्यांतही तो कायम आहे. उलटपक्षीं, १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणें साध्या देण्याचा दावा सामान्यतः तीन वर्षांच्या आंत लावावा लागतो. त्या अवधींत देणेकऱ्यानें सही करून देणें मान्य केल्यास मुदत नव्यानें मोजली जाते.

यावरून वर्षांतून एकदां दोघांनीं समोरासमोर बसून खातें पाहण्याचें मोल ध्यानीं येईल. गिऱ्हाइकास न कळतां आंकडा फुगत नाहीं आणि दुकानदाराचें येणें मुदतीबाहेर जात नाहीं. आज पुष्कळ दुकानांत वहीच्या जागीं संगणक आला आहे. पूजा त्याचीही होते. पण त्यांतील बाकी गिऱ्हाइकास दाखविण्याचा दिवस ज्यानें त्यानें स्वतःच ठरविला पाहिजे.