पहाडी भांगेचा वाख आणि बी : माल घेण्यापूर्वी

भांग म्हटली की आपल्याकडे नशाच आठवते. नशेचा धंदा आपल्याला वर्ज्य आहे, त्याची शिफारस येथे नाही. परंतु उत्तराखंडच्या कुमाऊँ व गढवाल भागात हेच झाड पिढ्यान् पिढ्या वाखासाठी आणि बियांसाठी लावले जाते. दोर, पोती आणि ‘भंगेला’ नावाचे जाडेभरडे कापड त्यापासून होते. भाजलेल्या बियांची चटणी तर कुमाऊँची ओळखच आहे.

ही पहाडी जात थंड हवेला सरावलेली आहे. पावसावर वाढते, पुरुषभर उंचीच्या वर जाते आणि गारठा पडू लागता ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणीला येते. दांडे पाण्यात भिजत घालून साल हाताने सोलतात, सूतही हातानेच वळतात. त्यामुळे सुताची जाडी सारखी नसते. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागावर ते तसेच चढवणे कठीण; हातमाग, दोरकाम, पिशव्या, पायपोस या कामांना मात्र ते उत्तम.

मग माल बाजारात मुबलक का नाही? 2018 साली उत्तराखंडात पौडी गढवालमध्ये औद्योगिक भांगेच्या लागवडीला परवाना मिळाला. अट अशी की झाडातील टीएचसी हे नशेचे द्रव्य 0.3 टक्क्यांहून जास्त नसावे. स्थानिक जातीत ते पुष्कळदा जास्त निघते. युरोपचे कमी टीएचसीचे बी आणावे, तर त्यातील बहुतेक जातींना उत्तरेकडच्या उन्हाळ्यातील लांब दिवसांची सवय. कुमाऊँत दिवस त्या मानाने लहान, म्हणून झाड लवकर फुलते, दांडा आखूड राहतो, वाख कमी पडतो. यात नुकसान पहाडी शेतकऱ्याचे आणि त्याच्यावर विसंबलेल्या कारागिराचे. फिनलंडने 1990 च्या दशकात रशियातील थंड मुलखाच्या बियांतून निवड करून ‘फिनोला’ ही बियांची जात तयार केली. आमच्या मते येथेही पहाडी बियांतूनच कमी नशेची झाडे निवडत जाणे हाच मार्ग आहे. त्याला वेळ लागेल.

तोवर व्यापारी बंधूंनी कायदा नीट समजून घ्यावा. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांविना असलेले बी व पाने त्या व्याख्येत येत नाहीत. लागवडीला मात्र सरकारी परवानगी लागतेच. भांगेचे बी, त्याचे तेल व पीठ यांना अन्न म्हणून 2021 साली अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मान्यता दिली, तीही टीएचसीच्या मर्यादेसह.

बियांच्या खरेदीत आणखी एक घोळ होतो. पहाडात ‘भंगजीरा’ नावाने जे बी मिळते, ते भांगेचे नव्हे, वेगळ्याच झाडाचे असते. नमुना पाहूनच सौदा करावा. बियांत शेंड्यांचा कचरा राहिलेला नाही ना, हे पोते उघडून तपासावे, आणि आगाऊ रक्कम देण्याआधी विकणाऱ्याकडून लागवडीच्या परवान्याची प्रत घ्यावी.