फलकावरचं 'सह'

लेखमाला : चालतं बिऱ्हाड (लेखांक ६)

गेल्या आठवड्यात सर्कशीच्या तंबूतून निघालो, ते आज तमाशाच्या कनातीपाशी येऊन थांबलो आहोत. आत शिरण्याची घाई नको. बाहेर ट्रक उभे आहेत, त्यांच्या अंगावरची नावं आधी वाचू. 'रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर'. मुलगा आणि आई. मंगला बनसोडे यांच्या फडाच्या फलकावर मुलाचं, नितीनकुमारांचं नाव असतं. मंगलाताई विठाबाई नारायणगावकरांच्या कन्या आणि विठाबाई या भाऊ-बापू मांग नारायणगावकर फडातल्या बापूंची लेक. एका फलकामागे अशा तीन-चार पिढ्या उभ्या असतात.

हे 'सह' मला फार मोलाचं वाटतं. वरवर ती जाहिरात दिसते; फडाच्या हिशेबात मात्र तो जामीन आहे. कसा, ते सांगतो.

ढोलकी फडाचा तमाशा दसऱ्याला बाहेर पडतो आणि वैशाखात, बुद्धपौर्णिमेच्या आसपास घरी परततो. मोठ्या फडात शंभर-सव्वाशे माणसं असतात : नाचणाऱ्या, गाणारे, ढोलकीवाला, हलगीवाला, सोंगाड्या, शिवाय ड्रायव्हर, आचारी आणि तंबू उभारणारे बिगारी. पावसाळ्याचे चार महिने उत्पन्न शून्य. पण पुढच्या हंगामाला कलावंत हवे असतील, तर त्यांना त्याच चार महिन्यांत 'उचल' द्यावी लागते. त्या पैशावर कुणाच्या घरी लग्न उरकतं, कुणाच्या घरावर पत्रे चढतात. मालक ही उचल आणतो बहुतेक वेळा सावकाराकडून. म्हणजे ढोलकीवर पहिली थाप पडायच्या आधीच फडाच्या डोक्यावर कर्ज बसलेलं असतं. हे कर्ज मिळतं ते नावावर. 'आईनं बुडवलं नाही, पोरगा बुडवणार नाही,' या विश्वासावर. नाचणारी बाई वर्षानुवर्षं त्याच फडात येते, तीही बऱ्याचदा याच हिशेबानं.

गावंही नावच बघतात. पुणे-नाशिक रस्त्यावर जुन्नर तालुक्यात नारायणगाव आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे जत्रा कमिटीवाले येतात, राहुटीत मांडी घालून बसतात, चहा होतो आणि सुपारी ठरते. चैत्र-वैशाखातल्या ज्या तिथीला अनेक गावांच्या जत्रा एकदम येतात, त्या तिथीचा दर चढा असतो. एरवी फड तिकीट लावून स्वतःच्या जबाबदारीवर तंबू ठोकतो, तेव्हा पाऊस पडला तर नुकसान त्याचंच. सुपारीच्या खेळाला ती धास्ती नसते, म्हणून वर्षाची सगळी आशा या राहुट्यांवर.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. नारायणगावकर, सातारकर, शिरोलीकर, कवलापूरकर : वर्षातले सात-आठ महिने ज्यांचा मुक्काम रोज बदलतो, त्यांनी आडनावात गाव जपून ठेवलं आहे. विठाबाईंचा जन्म पंढरपूरचा, पण त्या अखेरपर्यंत नारायणगावच्या. कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांनी आपल्या गावाचं नाव महाराष्ट्रभर नेलं. मला वाटतं, रस्त्यावरच्या माणसाला गावाची गरज घरात बसलेल्यापेक्षा जास्त असते.

आता खेळ सुटल्यानंतरचा फड बघू. पूर्वी गण-गवळणीपासून वगापर्यंत पहाट व्हायची. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद ठेवायला लावला आणि त्याची पहिली झळ वगाला बसली. गावोगाव लोकांना झोप हवी, हे मान्यच. पण रात्रभराची कला दोन-तीन तासांत कशी बसवायची, याचं उत्तर फडाला कुणी दिलं नाही.

एकदा मी एका फडाबरोबर रात्रीचा प्रवास केला. शेवटची लावणी संपली आणि अर्ध्या तासात कनात खाली आली. गुंडाळलेल्या कापडाच्या ढिगावर, ट्रकमध्ये, बिगारी जसे पडले तसे झोपले. बायकांच्या गाडीत एक थोराड बाई पाय पसरून घुंगरं सोडत होत्या. चामड्याचा पट्टा काढला, त्याखाली घोट्याभोवती जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळलेली. ती उलगडली तरी कातडीवर पट्ट्याचा काळा वण तसाच होता. त्यांनी पट्टी घडी घालून उशाशी ठेवली आणि म्हणाल्या, "दादा, ही आमच्या आईच्या लुगड्याची. लुगडं गेलं, एवढी ऱ्हायली." मग घरी फोन लावला. पोरगी आजीजवळ शिकायला होती, पण एवढ्या रात्री ती कशी उठणार? फोन वाजत राहिला.

सकाळी नव्या गावात उतरलो तेव्हा आचाऱ्यानं सर्वांआधी तीन दगड मांडले. तंबूचे खांब त्यानंतर. आमटी उकळायला लागली की सगळा फड आपोआप त्या बाजूला सरकतो. मालकीणबाई हातात वही घेऊन चुलीपाशीच बसल्या होत्या. कोण आजारी, कुणाला गावी पैसे पाठवायचे, कुणाची बारी आज दुसरीला द्यायची, सगळं तिथेच ठरलं. फड हे आधी घर आहे, ही माझी खात्री त्या चुलीपाशी झाली.

घर म्हटलं की घराचं सोसणंही आलं. विठाबाईंविषयी सांगतात, की खेळ चालू असताना कळा आल्या, पडद्यामागे त्या बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. अशा बाईंच्या शेवटच्या आजारपणात पैशाची ओढाताण झाली, ही गोष्ट आजही मनाला लागते. २००२ साली त्या गेल्या. शासनानं पुढे त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.

२०२० साली पाडवा २५ मार्चला होता. टाळेबंदी त्याच दिवशी सुरू झाली. चैत्रातल्या जत्रा बुडाल्या, दिलेली उचल अंगावर पडली. पुढचं वर्षही तसंच गेलं आणि त्या मे महिन्यात कांताबाई सातारकर गेल्या. त्यांचं नाव फलकावरून उतरलं नाही.

ज्या फडाबरोबर तो रात्रीचा प्रवास केला, त्याच फडाच्या अंगणात मागच्या भाद्रपदात गेलो होतो. ट्रकांना रंग चालला होता. पेंटर शिडीवर चढून मालकीणबाईंचं नाव पुन्हा गिरवत होता आणि त्यापुढे 'सह' लिहून थांबला होता. खाली त्यांची थोरली नात उभी होती, यंदा पहिल्यांदाच बाहेर पडणारी. पेंटरनं विचारलं, "काय लिहू, घरचं नाव का शाळेतलं?" तिनं आजीकडे बघितलं. आजी म्हणाल्या, "तिलाच विचार. गाडी तिला चालवायचीय."