गिटारचा पिकअप, हेन्री आणि तीन मीटर केबल

0.063 मिलिमीटर. स्ट्रॅटोकास्टर घाटाच्या गिटारच्या पिकअपमध्ये जी तांब्याची तार असते, तिची ही जाडी. तिचे साडेसात ते साडेआठ हजार वेढे एका बॉबिनवर बसतात. या तारेचा रेझिस्टन्स मीटरमागे साधारण 5.44 ओम. पिकअप 6 किलोओमचा भरला, तर साध्या भागाकाराने तारेची लांबी निघते 1,100 मीटर. तीन पिकअपच्या गिटारीत सव्वातीन किलोमीटर तांबं.

निघोज्यात याचं कुणाला नवल वाटू नये. निघोजे, म्हाळुंगे, खराबवाडी या खेड तालुक्यातल्या गावांच्या जमिनीवर फोक्सवॅगनचा कारखाना 2009 मध्ये सुरू झाला, महिंद्राचा प्रकल्पही याच पट्ट्यात आहे. त्यांना माल पुरवणाऱ्या शेडमध्ये सोलेनॉइड, रिले, मोटार यांच्या कॉइल रोज कुणाच्या तरी हाताखालून जातात. क्रँकशाफ्टचा वेग मोजणारा जुन्या धाटणीचा सेन्सर उघडून पाहिला तर आत चुंबक, त्याभोवती कॉइल आणि समोरून फिरणारे पोलादी दाते. गिटारच्या पिकअपमध्ये दात्यांच्या जागी पोलादी तार थरथरते, एवढाच फरक. तत्त्व तेच, आणि गिटारीसाठी त्याचं पेटंट जॉर्ज बोशां यांना 1937 मध्ये मिळालं.

तरीही याच पट्ट्यात नोकरी करणारा, मल्टिमीटरला हात सरावलेला पोरगा पिकअप बदलायला निघाला की पहिला प्रश्न विचारतो, "किती केचा आहे?" दुकानदारही "साडेआठचा, एकदम हॉट" म्हणत खोका पुढे सरकवतो. क्लीन टोन हवा असेल, तर गाडी तिथेच चुकते.

किलोओमचा आकडा सांगतो काय? तार किती लांब आणि किती जाड, बस. तोही स्थिर नाही. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंश सेल्सिअसला 0.39 टक्क्यांनी वाढतो. डिसेंबरच्या सकाळी 15 अंशाला 6 किलोओम दाखवणारा पिकअप मे महिन्याच्या दुपारी 40 अंशाला जवळपास 6.6 दाखवेल. आवाजात मात्र काडीचा फरक नाही. दुसरी गोष्ट तारेच्या गेजची. अमेरिकन 42 गेजऐवजी 43 गेजची, म्हणजे 0.056 मिलिमीटरची तार घेऊन तेवढेच वेढे दिले, तर 6 किलोओमचा पिकअप साडेसातच्या आसपास जातो. वेढे तेवढेच असल्याने तो काही मोठ्या आवाजाचा होत नाही. उलट ग्रेच कंपनीचा फिल्टरट्रॉन पाहा. रे बट्स यांनी तो चेट अ‍ॅटकिन्स यांच्यासाठी घडवला, रेझिस्टन्स जेमतेम 4 किलोओम, आणि लख्ख क्लीन आवाजासाठी आजही त्याचं नाव घेतलं जातं. ओम मोजायचा तो तार तुटली आहे का, हे बघायला.

खरा आकडा हेन्रीचा, म्हणजे इंडक्टन्सचा. जुन्या घाटाच्या सिंगल कॉइल स्ट्रॅट पिकअपचा इंडक्टन्स 2.2 ते 2.5 हेन्री असतो. गिब्सनच्या जुन्या पीएएफ धर्तीच्या हंबकरचा, म्हणजे दोन कॉइलच्या पिकअपचा, 4 ते साडेचार. डिस्टॉर्शनसाठी ठासून गुंडाळलेल्या हंबकरचा 8 हेन्रीपर्यंत जातो. आता यात केबल आणायची. गिटारच्या केबलला मीटरमागे साधारण 100 पिकोफॅरड कपॅसिटन्स असतो, कॉइलचा स्वतःचा 120 धरू. 3 मीटर केबलला एकूण 420 पिकोफॅरड. हेन्री आणि फॅरड एकत्र आले की एक रेझोनन्स ठरतो. त्या फ्रिक्वेन्सीला आवाजाला उठाव मिळतो आणि तिच्यावरचं सगळं झपाट्याने गळतं.

हिशेब असा. 2.3 हेन्रीचा स्ट्रॅट पिकअप 3 मीटर केबलवर 5,100 हर्ट्झला उठतो. 4.4 हेन्रीचा पीएएफ 3,700 ला. 8 हेन्रीचा हॉट हंबकर 2,750 ला. स्ट्रिंगची मूळ कंपनसंख्या यात कुठेच नाही: खालचा मोकळा ई 82.4 हर्ट्झचा आणि बाविसाव्या फ्रेटवरचा सगळ्यात उंच स्वर 1,175 हर्ट्झचा. तेव्हा स्वर प्रत्येक पिकअपमधून ऐकू येतात. आपण ज्याला साफ म्हणतो, कॉर्डमधल्या सहाही तारा सुट्या कळणं, पिकचा तारेवरचा टोला ऐकू येणं, ते सगळं 2,000 ते 5,000 हर्ट्झच्या पट्ट्यातल्या ओव्हरटोनमध्ये राहतं. गिटारचा स्पीकरही साधारण 5,000 च्या वर फारसं काही देत नाही. हॉट हंबकरने या पट्ट्याचा वरचा अर्धा भाग आधीच कापून टाकलेला असतो, आणि गेलेलं अ‍ॅम्पच्या ट्रेबल नॉबने परत आणताना हिस्स वाढतो.

हॉट पिकअप मिळवून देतो तरी किती? व्होल्टेज वेढ्यांच्या प्रमाणात वाढतं, इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाच्या. वेढे 20 टक्क्यांनी वाढवले तर आउटपुट 20 टक्के, म्हणजे 1.6 डेसिबल वाढतं. इंडक्टन्स मात्र 44 टक्क्यांनी वाढतो आणि रेझोनन्स सहाव्या हिश्शाने खाली येतो, 5,100 वरून 4,270 च्या घरात. कानाला धड जाणवणार नाही एवढ्या जोरासाठी ही किंमत क्लीन वाजवणाऱ्याने का मोजावी, मला कळत नाही. अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम फुकट असतो.

स्वस्त गिटारीत आणखी एक घोटाळा असतो. पिकअपच्या तळाला सिरॅमिक चुंबकाची पट्टी आणि वर पोलादी खिळे. पोलादी गाभ्यामुळे इंडक्टन्स वाढतो, शिवाय त्यात एडी करंट फिरून उठाव बोथट होतो. त्याजागी अल्निको 5 च्या दांड्यांचा, 2.2 ते 2.5 हेन्रीचा पिकअप बसवला की फरक पहिल्या कॉर्डला कळतो. अल्निको म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि बाकी लोखंड. हंबकरला पितळी झाकण असेल तर तेही एडी करंटचं घर. निकेल सिल्व्हरचं झाकण बरं, बिनझाकणाचा सगळ्यात बरा.

खोक्यावर हेन्री छापलेले नसतील तर कंपनीच्या क्वालिटी विभागात एलसीआर मीटर असतोच. 100 किंवा 120 हर्ट्झवर लावून मोजायचं. पिकअप गिटारीत बसवलेला असेल तर आधी पॉटपासून, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालच्या रेझिस्टरपासून, सोडवायचा, नाहीतर रेझिस्टन्सही खोटा येतो: 6 किलोओमला 250 किलोओमचा पॉट समांतर पडला की जॅकवर 5.86 दिसतात.

पण पिकअप विकत घेण्याआधी तीन स्वस्त गोष्टी करून पाहायच्या, आणि त्यातली पहिली केबल. 6 मीटर केबल लावली की एकूण कपॅसिटन्स 720 पिकोफॅरड होतो आणि तोच स्ट्रॅट पिकअप 5,100 वरून 3,900 ला उतरतो. म्हणजे लांब केबलवरचा नामी स्ट्रॅट पिकअप आखूड केबलवरच्या पीएएफच्या शेजारी येऊन बसला. खोलीत वाजवायला 3 मीटर पुरते. स्टेजवर लांब हवीच असेल तर गिटारजवळ एक बफर पेडल लावावा. त्याच्यापुढे केबल कितीही लांबवली तरी पिकअपला तिचा भार लागत नाही.

दुसरा पॉट. सिंगल कॉइलला 250 किलोओमचे, हंबकरला 500 चे, हा रिवाज उगाच नाही. पीएएफ जातीच्या हंबकरला कुणी 250 चे दोन पॉट लावलेले असतील तर कागदावर त्याचा रेझोनन्सचा उठाव जवळजवळ शून्य होतो. 500 चे लावले की 4 ते 5 डेसिबल उठाव मिळतो. एवढा फरक अनेकदा पिकअप बदलूनही पडत नाही. पॉट मोजून घ्यावा: 20 टक्के टॉलरन्स म्हणजे 500 लिहिलेला पॉट 400 चाही असू शकतो आणि 600 चाही.

तिसरी गोष्ट उंची. शेवटचा फ्रेट दाबून तारेच्या तळापासून पोलच्या माथ्यापर्यंतचं अंतर फिलर गेजने मोजायचं. साध्या सिंगल कॉइलसाठी फेंडरची शिफारस खर्जाच्या बाजूला 2 मिलिमीटर, वरच्या बाजूला 1.6. अल्निको 5 चे पोल याहून फार जवळ गेले तर चुंबक तारेला ओढतं आणि जाड तारांवर वरच्या फ्रेटना स्वर चक्क बेसूर लागतो. वाजवणारा ट्यूनरला शिव्या देत बसतो, दोष दोन स्क्रूचा असतो.

आता हमिंग. साफ आवाजाचा खरा शत्रू आपल्याकडे तोच, आणि सिंगल कॉइल घेणाऱ्याने आधी आपली खोली तपासावी. भारतात वीज 50 हर्ट्झची. 49 हर्ट्झ म्हणजे खर्जातला जी, तेव्हा आपलं हमिंग जीच्या वर सुमारे 35 सेंट चढलेलं असतं. जी मेजर वाजवायला घ्या, मागे एक चढा जी सतत गुणगुणत राहतो. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची, त्यांचं हमिंग ए शार्प आणि बीच्या मध्ये कुठेतरी पडतं, त्यामुळे तिकडच्या रेकॉर्डिंगमधल्या हमिंगशी आपलं जुळत नाही. निघोज्यासारख्या ठिकाणी भर पडते ती वेल्डिंग मशीन, मोटारींचे ड्राइव्ह आणि भाड्याच्या खोलीतल्या बिनअर्थिंगच्या प्लगची. वीज गेली आणि घर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर आलं की 150, 250, 350 हर्ट्झही जोडीला येतात आणि गुणगुणीचा किरकिराट होतो. गिटारच्या पोकळीत तांब्याची टेप लावून हा किरकिराट पुष्कळ कमी होतो. ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून येणारं 50 हर्ट्झ मात्र त्या टेपला जुमानत नाही. त्यासाठी गिटार घेऊन बसल्या जागी हळूहळू फिरायचं, एका दिशेला हमिंग जवळपास मरतं. हसू येईल, पण रेकॉर्डिंगला याहून स्वस्त उपाय नाही.

कायमचा उपाय म्हणजे दोन उलट कॉइलचा हंबकर, जो सेथ लव्हर यांनी गिब्सनमध्ये केला आणि ज्याचं पेटंट 1959 मध्ये मिळालं. स्ट्रॅटमध्येही मधला पिकअप उलट वाइंडिंग आणि उलट चुंबकाचा घेतला की स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागी हमिंग जातं. तिथे दोन पिकअप समांतर असल्याने इंडक्टन्सही निम्म्यावर येतो, म्हणून त्या जागा इतक्या काचेसारख्या वाजतात. हंबकरवाल्यांना मी नवा पिकअप सुचवण्याआधी हेच सुचवेन. पिकअपमधून चार तारा बाहेर येत असतील तर दोन्ही कॉइल सिरीजऐवजी समांतर जोडा. 4.4 हेन्रीचे 1.1 होतात, रेझिस्टन्स 8 चा 2 किलोओम, रेझोनन्स जवळपास दुप्पट वर. आउटपुट 6 डेसिबलने उतरतं, हमिंग मात्र कापलेलंच राहतं. एक कॉइल बंद करणाऱ्या कॉइल स्प्लिटमध्ये ते परत येतं. खर्च एका पुश-पुल पॉटचा.

या पट्ट्यात कुणाला स्वतः पिकअप गुंडाळायची किंवा मेलेला पिकअप रिवाइंड करायची हुक्की येतेच, मशीन तर शेजारच्या शेडमध्ये असते. त्यात एक खड्डा आहे. गिटारचं सगळं साहित्य अमेरिकन गेजमध्ये बोलतं, आपल्या बाजारात वाइंडिंग वायर एसडब्ल्यूजीवर विकली जाते. दुकानात "बेचाळीस नंबर" मागितली तर 0.1016 मिलिमीटरची तार हातात पडते. तिचं क्षेत्रफळ हव्या त्या तारेच्या अडीचपटीहून जास्त, आठ हजार वेढे बॉबिनवर बसणारच नाहीत. मागायची ती 46 नंबर एसडब्ल्यूजी, 0.061 मिलिमीटरची.

हे सगळं करून गिटार मंडपात नेली आणि ऑर्केस्ट्रावाल्याने ती थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला खुपसली, तर हिशेब बदलतो. गिटार अ‍ॅम्पचं इनपुट 1 मेगाओमचं असतं, लाइन इनपुट 10 ते 20 किलोओमचं. 10 धरलं तर 6 किलोओम आणि 2.3 हेन्रीच्या आपल्या स्ट्रॅट पिकअपला 1,100 हर्ट्झपासूनच उतार लागतो. 14 किलोओम आणि 8 हेन्रीच्या हॉट हंबकरला 480 हर्ट्झच्या आसपासच. गणपतीत वाजणाऱ्या इलेक्ट्रिक बँजोलाही हा नियम चुकत नाही, त्याच्या तारांखालीही असाच चुंबक आणि अशीच कॉइल असते. मध्ये 1 मेगाओम इनपुटचा अ‍ॅक्टिव्ह डीआय बॉक्स हवा. तो नसेल तर मिक्सरवर हाय-झी लिहिलेलं बटण आहे का ते आधी बघायचं, पिकअपचा खोका नंतर फोडायचा.