नागपूरच्या उद्यानांतील ‘जुनिपर’ : ओळखीचा प्रश्न

नागपूरच्या एखाद्या रोपवाटिकेत अथवा बंगल्याच्या आवारात ‘जुनिपर’ म्हणून दाखविले जाणारे झाड त्याच प्रजातीचे असेल, अशी खात्री देता येत नाही. निमुळता आकार, बारीक पाने आणि सदाहरित रूप एवढ्यावरून हे नाव दिले जाते. आणि रोपासोबत आलेली पाटी पुढे वर्षानुवर्षे प्रमाण मानली जाते. बागेच्या शोभेपुरता हा प्रमाद क्षम्य होय. परंतु त्याच झाडाची पाने तैलद्रव्यांच्या पृथक्करणासाठी प्रयोगशाळेत गेली, तर चुकीचे नाव प्रबंधात शिरते आणि निष्कर्ष दुसऱ्याच वनस्पतीच्या खाती जमा होतो.

या घोटाळ्याचे एक कारण भौगोलिक आहे. भारतातील रानटी जुनिपर हिमालयातील आहेत. हूकर यांच्या ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथाच्या पाचव्या खंडात त्यांचे वर्णन आढळते. महाराष्ट्रात या प्रजातीची एकही जाती स्वाभाविकपणे वाढत नाही. आयुर्वेदातील हपुषा, म्हणजे काष्ठौषधींच्या दुकानांतील हाऊबेर, हे ‘जुनिपेरस कॉम्युनिस’ या जातीचे फळ मानतात. पण ते येथे वाळलेल्या स्वरूपातच पोहोचते. तात्पर्य, येथील विद्यार्थ्याला जुनिपर भेटतो तो लावलेला, कातरलेला आणि बहुधा फलहीन अवस्थेत.

प्रथम जुनिपर नसलेली झाडे बाजूला काढणे इष्ट. सुरू (कॅशुरिना) हा तर शंकुमंत वृक्षच नव्हे. तो सपुष्प वनस्पतींपैकी आहे. त्याची ‘पाने’ म्हणून दिसतात त्या सांधेदार हिरव्या डहाळ्या होत. खरी पाने प्रत्येक सांध्यावर सूक्ष्म दातांच्या कड्यासारखी असतात. सरू (क्युप्रेसस) मात्र जुनिपरच्याच कुलातील आहे. सुरू आणि सरू या नावांतील एका स्वराच्या फरकाने बोलण्यात किती गोंधळ होतो, हे सांगावयास नको. सरूचा शंकू गोल, काष्ठमय व ढालीसारख्या खवल्यांचा असतो. पक्व झाल्यावर तो उकलतो.

खरी फसगत होते ती मोरपंखीमुळे. शाळकरी मुले ‘विद्या’ म्हणून जिची डहाळी वहीत जपून ठेवतात तीच ही वनस्पती. लिनीअस यांनी १७५३ मध्ये तिला ‘थुजा ओरिएंटॅलिस’ म्हटले. १९४९ मध्ये फ्रँको यांनी दिलेले ‘प्लॅटिक्लॅडस ओरिएंटॅलिस’ हे नाव आज मान्य आहे, तरी माळी तिला थुजाच म्हणतात. तिच्या डहाळ्या चपट्या असून पुस्तकाच्या पानांप्रमाणे उभ्या प्रतलांत रचलेल्या असतात. कोवळे शंकू निळसर हिरवे आणि खवल्यांच्या टोकाशी आकडेदार असतात; वाळल्यावर ते उकलून पंखहीन बिया बाहेर पडतात. जुनिपरचे खवले याउलट एकमेकांस जुळून मांसल होतात आणि शंकूला बोरासारखे रूप येते. हा शंकू आपण होऊन उकलत नाही.

मांसल शंकू दिसला की प्रजातीविषयी संशय उरत नाही. अडचण अशी की तो क्वचितच दिसतो. जुनिपरमध्ये नर व मादी झाडे बहुधा वेगळी असतात आणि रोपवाटिकेतील रोपे पुष्कळदा छाटांपासून केलेली असतात. त्यामुळे एकाच नरवृक्षापासून केलेल्या संपूर्ण रांगेत एकही शंकू धरत नाही. अशा वेळी पानांवरच भिस्त ठेवावी लागते.

पानेही सरळ साक्ष देत नाहीत. या कुलातील रोपांना प्रथम सुईसारखी पाने येतात व पुढे बहुतेकांत खवल्यांसारखी. मोरपंखीचे काही उद्यानप्रकार बाल्यावस्थेतच स्थिरावलेले असतात. सुईसारख्या पानांमुळे ते हुबेहूब जुनिपर भासतात. एकोणिसाव्या शतकात अशा बालरूपांना ‘रेटिनोस्पोरा’ या स्वतंत्र प्रजातीत स्थान मिळाले होते. ती ज्ञात वृक्षांचीच रूपे आहेत, हे नंतर उमगले. भिंगाखाली पाहिल्यास या बालरूपांची पाने समोरासमोर जोड्यांनी आढळतात. जुनिपरच्या सुईपानांत तीन-तीन पानांची मंडले पुष्कळ दिसतात. मात्र त्यातही जोड्या असू शकतात. म्हणून एकाच डहाळीवरून निर्णय करू नये.

मैदानी प्रदेशांतील बागांत सामान्यतः लावला जातो तो ‘जुनिपेरस चायनेन्सिस’. एकाच झाडावर सुईपाने व खवलेपाने ही त्याची ठळक खूण होय. सुईपानाच्या वरच्या बाजूस हिरव्या मध्यशिरेने विभागलेले दोन पांढरे पट्टे असतात, खवलेपान बोथट असते आणि शंकू दुसऱ्या वर्षी पिकतो. अमेरिकेतील ‘व्हर्जिनियाना’, ज्याचे लाकूड पेन्सिलींसाठी वापरीत, त्याचे खवलेपान टोकदार असून शंकू पहिल्याच वर्षी पिकतो. सर्व पाने सुईसारखीच असतील तर पानाचा तळ पाहावा. तळाशी स्पष्ट सांधा आणि वर एकच रुंद पांढरा पट्टा असेल तर तो ‘कॉम्युनिस’ असण्याचा संभव आहे. तळ फांदीवर खाली उतरून तिच्याशी एकजीव झाला असेल तर ‘स्क्वामाटा’चा विचार करावा. मात्र या दोन्ही थंड प्रदेशांतील जाती असल्याने नागपूरच्या उन्हाळ्यात अशी पाटी आढळल्यास ती मान्य करण्यापूर्वी दोनदा तपासावी.

नमुना घेण्याची जागाही महत्त्वाची आहे. वारंवार कातरलेल्या चायनेन्सिसवर पुन्हा सुईपाने फुटतात. कुंपणाच्या कडेची डहाळी घेतल्यास खवलेपान मुळीच मिळणार नाही आणि जाती चुकेल. यास्तव कात्री न लागलेल्या शेंड्याची एक व आतील जुन्या भागाची एक, अशा दोन डहाळ्या घ्याव्यात. झाडाचा आकार, शंकू किंवा परागशंकू, ते दिसल्याचा महिना आणि रोप कोठून आणले, ही नोंद त्याच दिवशी करावी. कारण वाळलेल्या नमुन्यात डहाळ्यांचे मूळ प्रतल ओळखू येत नाही. पाटीवरचे नाव लिहावयाचे असल्यास ते ‘रोपवाटिकेचे नाव’ म्हणून वेगळे लिहावे, आणि निश्चितीपर्यंत नमुन्यावर केवळ ‘जुनिपेरस, जाती अनिश्चित’ एवढेच असू द्यावे.